जपानी क्रियापदांच्या फसव्या जोड्या: इंग्रजी अर्थ एक, वापर वेगळा

अक्षरवेल

आपल्याकडे जपानी शिकायची जवळजवळ सगळी साधनं इंग्रजीतून येतात: पाठ्यपुस्तकाच्या मागची शब्दसूची, फोनवरचे कोश, फ्लॅशकार्डांचे संच. त्यामुळे 'वारेरु', 'ओरेरु', 'किरेरु', 'याबुरेरु' आणि 'कोवारेरु' या पाचही क्रियापदांपुढे 'ब्रेक' एवढंच लिहिलेलं असतं आणि कुठे कोणतं घ्यायचं हे विद्यार्थी अंदाजाने ठरवतो. मराठी माणसाला इथे अंदाज करायची गरजच नाही, कारण हा भेद आपल्या भाषेत मुळातच आहे.

'कोप्पु गा वारेमाशिता': पेला फुटला.
'कासा नो होने गा ओरेमाशिता': छत्रीची काडी मोडली. (जपानीत छत्रीच्या काडीलाही 'होने' म्हणजे हाडच म्हणतात, आणि हाड मोडलं तरी 'ओरेरु'च.)
'हिमो गा किरेमाशिता': दोरी तुटली.
'फुकुरो गा याबुरेमाशिता': पिशवी फाटली.
'तोकेइ गा कोवारेमाशिता': घड्याळ बिघडलं.

माझं म्हणणं एवढंच, की जपानी शब्द आणि मराठी शब्द यांच्यामध्ये इंग्रजीचा थांबा नको. मात्र मराठी शब्दही डोळे मिटून लावता येत नाही. पेन्सिलीचं टोक आपण 'तुटलं' म्हणतो, जपानीत ते 'ओरेरु'. कसोटी अशी: वस्तू ताठ आणि लांबट असेल आणि वाकून दुभंगली असेल तर 'ओरेरु'. वस्तू लवचिक असेल किंवा सलग चाललेलं काही खंडित झालं असेल तर 'किरेरु'. म्हणून दोरी, धागा, गळ्यातली साखळी या तर 'किरेरु' आहेतच, पण फोन मध्येच कट झाला (देन्वा गा किरेता), बॅटरी संपली (देन्चि गा किरेता), पाकिटावरची मुदत उलटली (किगेन् गा किरेता) इथेही तेच.

'फुटणे'चंही तसंच. काच, बशी, अंडं, फुगा हे सगळे 'वारेरु'. पण पाण्याचा पाइप फुटला तर 'हारेत्सु सुरु', कारण तिथे आतल्या दाबाने फुटणं आहे. दूध फाटलं याला 'याबुरेरु' मुळीच चालत नाही. 'याबुरेरु' कागद, कापड, पिशवी अशा पातळ पसरट गोष्टींपुरतंच.

आणि एक महत्त्वाची अदलाबदल: वचन मोडणे, नियम मोडणे, विक्रम मोडणे. मराठीत तिन्हीकडे 'मोडणे', म्हणून हात आपोआप 'ओरु'कडे ('ओरेरु'चं सकर्मक रूप) जातो. जपानीत तिन्हींना 'याबुरु' लागतं, म्हणजे शब्दशः फाडणे: 'याकुसोकु ओ याबुरु', 'किसोकु ओ याबुरु', 'किरोकु ओ याबुरु'.

लिपीबद्दल: जपानी शब्द उच्चारानुसार देवनागरीत लिहिले आहेत. 'मास', 'देस' यांतला शेवटचा उ बोलताना जवळजवळ ऐकू येत नाही म्हणून लिहिलेला नाही. दीर्घ ओ दाखवायला ऽ वापरलं आहे. सगळ्यांनी तसंच लिहिलं तर वाचायला सोपं जाईल.

रानजाई

उत्तम विषय. या पाचांच्या सकर्मक जोड्याही इथेच नोंदवते: वारेरु–वारु, ओरेरु–ओरु, किरेरु–किरु, याबुरेरु–याबुरु, कोवारेरु–कोवासु. फुटणे–फोडणे, तुटणे–तोडणे, फाटणे–फाडणे अशाच या जोड्या आहेत.

पण वापरात एक फरक आहे आणि तो वर्गात नीट सांगितला जात नाही. हातातून पेला निसटला तर आपण म्हणतो, 'पेला फुटला'. जपानीत ज्याच्या हातून घडलं त्याने 'कोप्पु गा वारेमाशिता' म्हटलं तर तो जबाबदारी झटकतोय असं ऐकणाऱ्याला वाटतं. तिथे सकर्मक रूपच हवं, आणि त्याला 'ते शिमाऊ'ची जोड: 'सुमिमासेन, कोप्पु ओ वात्ते शिमाइमाशिता'. मराठीतलं 'फोडून बसलो' याच्या अगदी जवळ आहे. हेतू नसला तरी सकर्मक, हे लक्षात ठेवा.

पाकिटाचंही हेच. 'माझं पाकीट कुठेतरी पडलं' हे कोऽबानमध्ये, म्हणजे पोलीस चौकीत सांगायचं असेल तर 'साइफु ओ ओतोशिमाशिता' म्हणायचं. शब्दशः 'पाडलं', पण अर्थ 'हरवलं'.

मधली_सुट्टी

बटण तुटलं, कपाचा कान तुटला याला काय? 'किरेरु' लिहिलं तर चूक म्हणतात.

अक्षरवेल

दोन्हीकडे 'तोरेरु'. बटण स्वतः दुभंगलेलं नाही, जागेवरून सुटून आलं आहे. 'बोतान् गा तोरेमाशिता'. दोऱ्याकडे पाहून बोलायचं असेल तर 'इतो गा किरेमाशिता' बरोबर. वस्तू कोणती, यापेक्षा तिचं नेमकं काय झालं ते बघा.

दुभाष्या

यानंतर 'वेअर' घ्यायलाच हवं. इथे मराठी थोडी मदत करते आणि मग हात सोडते, म्हणून सविस्तर लिहितो.

मराठीत साडी नेसतात, सदरा घालतात, चष्मा लावतात, फेटा बांधतात, शाल पांघरतात. वस्तूनुसार क्रियापद बदलतं ही कल्पना आपल्याला नवी नाही. जपानीतली वाटणी मात्र शरीराच्या भागावरून होते.

'किरु': धड झाकणारं किंवा अंगभर. सदरा, कोट, किमोनो, सूट. साडीसुद्धा 'सारिइ ओ किरु', नेसण्याची पद्धत वेगळी असली तरी.
'हाकु': कमरेखाली जे पाय घालून वर ओढतो ते. पँट, स्कर्ट, मोजे, बूट, चप्पल.
'काबुरु': डोक्यावर. टोपी, हेल्मेट, विग. डोक्यावरून पांघरूण ओढून घेणं आणि अंगावर पाणी ओतून घेणं हेही 'काबुरु'च.
'काकेरु': चष्मा. हा जवळजवळ एकटाच आहे, वेगळा पाठ करावा.
'सुरु' किंवा 'त्सुकेरु': मास्क, दागिने, घड्याळ.
'शिमेरु': टाय, पट्टा, किमोनोवरचा ओबि. जे आवळून बांधतात ते.
'हामेरु': अंगठी, हातमोजे. जे एखाद्या अवयवावर घट्ट बसवतात ते.
'माकु': मफलर, फेटा. जे गुंडाळतात ते.

एकाच वस्तूला दोन-तीन क्रियापदं चालतात, त्याने गोंधळू नका. टायला 'शिमेरु'ही चालतं आणि 'सुरु'ही. हातमोज्यांना 'हामेरु', 'सुरु', 'त्सुकेरु' तिन्ही. बोलताना 'सुरु' सुरक्षित. पण सदऱ्याला किंवा बुटाला 'सुरु' लावाल तर ते चूकच.

काढताना गणित सोपं होतं. 'किरु', 'हाकु', 'काबुरु'वाल्या कपड्यांना 'नुगु': बूट, सदरा, टोपी सगळं. 'काकेरु', 'सुरु', 'हामेरु'वाल्यांना 'हाझुसु' किंवा 'तोरु'. चष्म्याला 'नुगु' कधीच नाही.

आता खरी अडचण. 'आकाइ सेएताऽ ओ किते इमास' याचं भाषांतर बहुतेक जण 'लाल स्वेटर घालतोय' असं करतात. ते 'लाल स्वेटर घातलाय' असं आहे. या क्रियापदांचं 'ते इरु' रूप साधारणपणे क्रिया चालू असल्याचं न सांगता क्रियेनंतर उरलेली स्थिती सांगतं. इंग्रजीत या स्थितीलाही 'इज वेअरिंग' असं चालू क्रियेचं रूप असल्यामुळे इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा फरक दिसतच नाही. मराठीत 'घालतोय' आणि 'घातलाय' वेगळे आहेत, त्याचा फायदा घ्या. कपडे बदलणं चालू आहे असं सांगायचं असेल तर 'इमा, किगाएते इरु तोकोरो देस'.

तिरपी_रेघ

'किरु' म्हणजे घालणे आणि 'किरु' म्हणजे कापणे, यात रूपं चुकतात. घालणे हे दुसऱ्या गटातलं: किमास, किते, किनाइ. कापणे पहिल्या गटातलं: किरिमास, कित्ते, किरानाइ. 'किते कुदासाइ' म्हणजे घाला, 'कित्ते कुदासाइ' म्हणजे कापा. जोडाक्षरातला तो क्षणभराचा थांबा गिळला तर अर्थच बदलतो. तोक्योच्या प्रमाण उच्चारात स्वराघातही वेगळा आहे: कापण्याच्या 'किरु'त 'कि' उंच आणि 'रु' खाली, घालण्याच्या 'किरु'त 'कि' खाली आणि 'रु' वर.

मधली_सुट्टी

'शिरु' आणि 'वाकारु'? दोन्हींपुढे इंग्रजी 'नो' (know) लिहिलंय. मराठीत दोन्हीकडे 'माहीत नाही' चालतं, त्यामुळे कोणतं केव्हा तेच कळत नाही.

रानजाई

'शिरु' म्हणजे माहिती बाहेरून आपल्याकडे येणं. 'वाकारु' म्हणजे कळणं, उमगणं, स्पष्ट होणं. वाक्यरचनेत 'वाकारु' आपल्या 'कळणे'सारखंच वागतं: 'मला जपानी कळतं', 'वाताशि वा निहोन्गो गा वाकारिमास'. जे कळतं त्याला 'गा' हा प्रत्यय. 'शिरु'ला 'ओ'.

होकारार्थी 'माहीत आहे' हे नेहमी 'शित्ते इमास', आणि त्याचा नकार 'शिरिमासेन'. 'तानाका-सान् ओ शित्ते इमास का' या प्रश्नाला 'शित्ते इमासेन' असं उत्तर देऊ नका. रूप व्याकरणातून सरळ निघतं म्हणून सगळे तेच बनवतात, पण असं उत्तर कुणी देत नाही. 'माहीत नव्हतं' म्हणजे 'शिरिमासेन देशिता'.

आता नकार कोणता घ्यायचा. माहिती कधी कानावरच आली नाही, ती असायला हवी अशी अपेक्षाही नाही, तर 'शिरिमासेन': त्या माणसाला ओळखता का, ते गाव ऐकलंय का. पण उत्तर तुमच्याकडे असावं अशी समोरच्याची अपेक्षा असेल, तर 'शिरिमासेन' हे 'मला काय माहीत' इतकं तुटक लागतं. 'उद्याची मीटिंग किती वाजता?', 'तुम्ही सुट्टीत काय करणार?' अशा प्रश्नांना 'चोत्तो वाकारिमासेन' किंवा 'मादा वाकारिमासेन'. ऑफिसात त्यापुढे 'काकुनिन् शिमास', म्हणजे खात्री करून सांगतो, हे जोडायचं. स्वतःच्या बेताबद्दल 'शिरिमासेन' म्हणणं तर फारच विचित्र वाटतं, जणू तुमचं ठरवणारा दुसराच कुणी आहे.

दुभाष्या

@रानजाई, याला नोकरीतल्या लोकांसाठी पुरवणी. 'समजलं, करतो' या अर्थी 'वाकारिमाशिता' सहकाऱ्यांत ठीक आहे. ग्राहकापुढे 'काशिकोमारिमाशिता', साहेबांना किंवा मेलमध्ये 'शोऽचि शिमाशिता'. समोरच्याला 'माहीत आहे का' असं आदराने विचारायचं तर 'गोझोन्जि देस का'. 'शित्ते इमास का' हे साहेबांना विचारलं तर परीक्षा घेतल्यासारखं होतं.

तिरपी_रेघ

'वाकारु'ची चुलत भावंडं याच रांगेत घ्या, कारण तिथे मराठी थेट जुळते.

'मिएरु' म्हणजे दिसणे, 'मिरारेरु' म्हणजे पाहता येणे. 'कोको कारा फुजिसान् गा मिएमास', इथून फुजी दिसतो. 'सोनो एइगा वा दोको दे मिरारेमास का', तो चित्रपट कुठे पाहता येईल. इंग्रजीत दोन्हीकडे 'कॅन सी'.
'किकोएरु' म्हणजे ऐकू येणे, 'किकेरु' म्हणजे ऐकता येणे किंवा ऐकायला मिळणे. फोनवर आवाज तुटतोय तर 'किकोएमासेन'. तिथे 'किकेमासेन' म्हटलं तर 'मला ऐकता येणार नाही' असा भलताच सूर लागतो.
'सागासु' शोधणे, 'मित्सुकारु' सापडणे. 'कागि ओ सागाशिते इमास', 'कागि गा मित्सुकारिमाशिता'.

मराठीत विचार केला की या जोड्या पाठ करायला लागतच नाहीत.

ओसाकाकर

स्वयंपाकाची क्रियापदं कुणीतरी घेईल म्हणून वाट पाहत होतो. इंग्रजी 'कुक' आणि 'बॉइल' या दोन शब्दांखाली जपानी कोशात निदान सात-आठ क्रियापदं दडलेली असतात.

'वाकासु': पाणी उकळवणे. कर्म मात्र 'मिझु' नाही, 'ओयु'. गरम पाण्याला जपानीत वेगळा शब्द आहे, आणि 'ओयु ओ वाकासु' असंच म्हणतात. चहाचं, आंघोळीचं पाणी तापवण्यालाही हेच.
'युदेरु': भरपूर साध्या पाण्यात उकडून पाणी टाकून देणे. अंडी, नूडल्स, पालक.
'निरु': चव असलेल्या रसात शिजवणे. दाशि (समुद्री शेवाळ, सुकवलेला मासा यांचं सार), सोया सॉस, साखर, मिरिन (गोडसर तांदळाची दारू). इथे रस पदार्थात मुरायला हवा.
'मुसु': वाफेवर.
'ताकु': भात. पाणी पूर्ण आत शोषलं जातं.
'याकु': भाजणे. मासा, मांस, पाव, केक, तव्यावरचं अंडं, सगळं यातच.
'इतामेरु': थोड्या तेलावर परतणे.
'आगेरु': तळणे.
'इरु': कोरडं भाजणे. तीळ, दाणे.

मराठी 'उकडणे' इथे दोन वाटांना फुटतं. बटाटे पाण्यात बुडवून उकडले तर 'युदेरु', मोदक उकडले तर 'मुसु'. पाण्यात की वाफेवर, एवढं विचारलं की चुकत नाही. 'भाजणे'ही तसंच: वांगं भाजणे 'याकु', शेंगदाणे भाजणे 'इरु'.

ओसाका-क्योतोकडे मात्र 'ताकु' भातापुरतं नाही. मुळा, भोपळा, टोफू रसात शिजवला तरी इकडचे लोक 'ताकु' म्हणतात, आणि त्या पदार्थाला 'ताइतान्'. परीक्षेत 'निरु' लिहा, पण इथल्या बाजारात 'ताइतान्' दिसलं तर दचकू नका.

मधली_सुट्टी

सूप 'नोमु' की 'ताबेरु'? एका ठिकाणी 'ताबेरु' वाचलं.

ओसाकाकर

'नोमु' धरून चाला. मिसोशिरु, म्हणजे मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं) सूप, वाडगा तोंडाला लावून पितात, तिथे 'नोमु'च. 'ताबेरु' तेव्हा ऐकू येतं, जेव्हा चमच्याने खायचं, भरपूर भाज्या-मांस असलेलं सूप असतं.

रानजाई

माझ्या मते सुरुवातीच्या पातळीवर 'सूप म्हणजे नोमु' एवढाच नियम शिकवावा. अपवाद आधी कळला की विद्यार्थी मिसोशिरुलाही 'ताबेरु' लावतात. गोळी घेणे हेही 'कुसुरि ओ नोमु', पातळ असो की घट्ट. सिगारेट 'सुऊ'. हिंदी वळणाने कुणी 'पिणे' मनात धरलं तर ते इथे चुकेल. मराठी 'ओढणे' जवळचं.

अक्षरवेल

आता असं एक घेऊ जिथे इंग्रजीही एक आणि मराठीही एकच: 'पडणे'. पाऊस पडतो, झाड पडतं, मूल पडतं, फळ पडतं.

'फुरु': पाऊस, बर्फ.
'ओचिरु': उंचावरून सुटून खाली येणं. फळ, हातातला फोन, जिन्यावरून माणूस. वीज पडणे आभाळातून असली तरी 'कामिनारि गा ओचिरु'. परीक्षेत नापास होणे 'शिकेन् नि ओचिरु', कपड्यावरचा डाग निघणे 'योगोरे गा ओचिरु'.
'ताओरेरु': उभं होतं ते आडवं झालं. झाड, सायकल, चक्कर येऊन माणूस.
'कोरोबु': चालता-धावताना तोल जाऊन माणूस किंवा प्राणी पडणं. निर्जीव वस्तूला लावत नाहीत, पेन्सिल घरंगळत जाण्यासारखे थोडे वापर सोडून.
'चिरु': पाकळ्या, पानं झडणं. साकुरासाठी (चेरीच्या फुलांसाठी) हेच शोभतं.
'सागारु': भाव, तापमान, ताप उतरणं.
'नुकेरु': दात पडणं, केस गळणं.

डॉक्टरकडे गेल्यावर हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. 'कोरोबिमाशिता' म्हटलं तर डॉक्टर गुडघा, मनगट बघतील. 'ताओरेमाशिता' म्हटलं तर शुद्ध हरपली होती का ते विचारतील. 'काइदान् कारा ओचिमाशिता' म्हणजे जिन्यावरून खाली आलात, तेव्हा डोक्याला मार लागलाय का ते आधी पाहतील. आई-वडिलांना जपानात भेटीला बोलावणाऱ्यांनी ही तीन वाक्यं लिहून जवळ ठेवावीत.

तिरपी_रेघ

'ओपन-क्लोज'चा भाग छोटा आहे. दोन संच लक्षात ठेवा: आकेरु–शिमेरु आणि हिराकु–तोजिरु. पहिला संच दार, खिडकी, झाकण, खण अशा आडोसा बाजूला करणाऱ्या-घालणाऱ्या क्रियांचा. दुसरा मिटलेलं उलगडणं आणि उलगडलेलं मिटणं: पुस्तक, छत्री, पाकळ्या. मराठीत आपण पुस्तक 'मिटतो', डोळे 'मिटतो', दार 'लावतो'. जिथे 'मिटणे' बसतं तिथे बहुधा 'तोजिरु'. डोळे उघडताना मात्र 'मे ओ आकेरु' सर्रास, मिटताना 'तोजिरु' किंवा 'त्सुबुरु'.

बँकेत खातं उघडणे 'कोऽझा ओ हिराकु', बैठक भरवणे 'काइगि ओ हिराकु'. इथे 'आकेरु' नाही. वाचताना एक अडचण: 'आकु' ('आकेरु'चं अकर्मक रूप) आणि 'हिराकु' या दोन्हींना कान्जी (चिनी मुळाचं अक्षर) तीच आणि शेपटीही (शेवटचं 'कु' हे उच्चाराक्षर) तीच, त्यामुळे उच्चार संदर्भावरूनच ठरवावा लागतो.

दुभाष्या

'थिंक'बद्दल थोडक्यात. 'ओमोऊ' म्हणजे वाटणे, 'कान्गाएरु' म्हणजे विचार करणे. 'मला वाटतं पाऊस येईल': 'आमे गा फुरु तो ओमोइमास'. 'जरा विचार करू द्या': 'चोत्तो कान्गाएसासेते कुदासाइ'. मराठीत जितकं स्पष्ट आहे तितकंच.

तीन बारकावे. 'ओमोइमास' हे बोलणाऱ्याचं आत्ताचं मत. दुसऱ्याला काय वाटतं ते सांगताना 'ओमोत्ते इमास' लागतं. 'इकोऽ तो ओमोत्ते इमास' याचं सर्वांत जवळचं मराठी 'जायचं म्हणतोय', 'जाण्याचा विचार करतोय' नव्हे. आणि अहवालात किंवा प्रबंधात 'तो ओमोऊ' टाळा, तिथे 'तो कान्गाएरारेरु' लिहितात.

मधली_सुट्टी

'आगेरु' आणि 'कुरेरु' हे दोन्ही 'देणे'. कधी कोणतं हे कळतं, पण बोलताना उलटं होतं.

रानजाई

इथे मराठीचा उपयोग नाही, कारण आपलं 'देणे' दोन्ही दिशांना चालतं. देणगी माझ्याकडे किंवा माझ्या माणसांकडे येत असेल तर 'कुरेरु', माझ्याकडून बाहेर जात असेल तर 'आगेरु'. तिऱ्हाइताने तिऱ्हाइताला दिलं तर 'आगेरु'. माझ्या बहिणीला कुणी दिलं तर बहीण माझ्या बाजूची, म्हणून 'कुरेरु'. बोलण्याआधी फक्त घेणाऱ्याकडे बघा, देणाऱ्याचा विचार नंतर.

'ते आगेरु' वापरताना जपून. 'तेत्सुदात्ते आगेमास' म्हणजे 'तुमच्यावर उपकार म्हणून मदत करतो' असा भाव येतो. वडीलधाऱ्यांना किंवा साहेबांना 'ओतेत्सुदाइ शिमास' म्हणा. उलट दुसऱ्याने तुम्हाला मदत केली असेल तर 'ते कुरेरु' गाळू नका. 'तोमोदाचि गा तेत्सुदात्ते कुरेमाशिता' यातलं 'कुरेमाशिता' काढलं की वाक्यातली कृतज्ञता जाते.

तिरपी_रेघ

कोशाने समाधान होत नसेल तर एनएलबी नावाचं मोफत साधन वापरा. जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेने (कोकुरित्सु कोकुगो केन्क्यूजो) आधुनिक लिखित जपानीचा सुमारे १० कोटी शब्दांचा संग्रह केला आहे. कोणत्या नामाबरोबर कोणतं क्रियापद किती वेळा येतं ते एनएलबी त्यातून दाखवतं.

पद्धत: क्रियापद शोधा, मग 'नाम + ओ + क्रियापद' हा गट उघडा. वरची १५-२० नामं वाचा. दुसऱ्या क्रियापदाचं तसंच करा. दोन याद्या शेजारी ठेवल्या की भेद स्वतःच दिसतो: 'तोजिरु'खाली डोळे, तोंड, पुस्तक, 'शिमेरु'खाली दार, खिडकी. दोन शब्दांची थेट तुलना करण्याचीही सोय आहे. 'गा' आणि 'ओ'चे गट मिसळू नका, नाहीतर अकर्मक-सकर्मक रूपांचा गोंधळ होतो.

फ्लॅशकार्डावर एकटं क्रियापद लिहूच नये. पुढे मराठी वाक्य, 'छत्रीची काडी मोडली'. मागे नाम, प्रत्यय आणि क्रियापद एकत्र, 'होने गा ओरेरु'. पुण्यात जुलै-डिसेंबरला जेएलपीटी (जपानी भाषेची पात्रता परीक्षा, एन५ ते एन१ अशा चढत्या पातळ्यांची) देणाऱ्यांना याचा थेट उपयोग आहे. एन४पासून 'योऽहोऽ' हा प्रश्नप्रकार येतो: एक शब्द, चार वाक्यं, त्यातल्या एकाच वाक्यात तो बरोबर वापरलेला. इंग्रजी अर्थ लावला तर चारही वाक्यं बरोबर वाटतात, कारण चुकीची वाक्यं त्याच अर्थाच्या शेजारच्या शब्दांवरून रचलेली असतात.

मधली_सुट्टी

शेवटचं एक: 'काएरु' आणि 'मोदोरु'. ग्राहकाकडून ऑफिसला परत निघालो, तर काय म्हणायचं?

दुभाष्या

'काइशा नि मोदोरिमास'. 'काएरु' म्हणजे आपल्या ठिकाणी, घरी, गावी, देशी परतणं, आणि त्यात 'आजचं आटोपलं' ही छटा असते. 'मोदोरु' म्हणजे जिथून निघालो त्या जागी किंवा आधीच्या स्थितीला परत येणं. जेवून जागेवर येणं, मागच्या पानावर जाणं, विसरलेली छत्री घ्यायला माघारी फिरणं हे सगळं 'मोदोरु'. फोनवर साहेब विचारतील, 'आज परत येणार का?' यायचं असेल तर 'सान्जि गोरो मोदोरिमास', साधारण तीनपर्यंत येतो. नुसतं 'काएरिमास' म्हटलं तर तुम्ही घरी निघालात असं धरतील. खरोखरच तिथून परस्पर घरी जायचं असेल तर त्याला 'चोक्की' असा स्वतंत्र शब्द आहे: 'क्योऽ वा चोक्की शिमास'.

सकर्मक जोडीतही हाच भेद. 'काएसु' म्हणजे ज्याचं त्याला परत करणं, 'मोदोसु' म्हणजे होतं तिथे ठेवणं. वाचनालयाचं पुस्तक काउंटरवर देता तेव्हा 'होन् ओ काएसु', तिथेच चाळून पुन्हा फळीवर ठेवता तेव्हा 'होन् ओ ताना नि मोदोसु'.